बोर्ड अजून माझ्याकडेच आहे

आसनगाव,
१६ ऑगस्ट २०२५

सरिताताई,

नमस्कार करायला तोंड नाय, तरी करते. तू फोन उचलत नायस म्हणून लिहायला बसले. अकरा वेळा केला. मार्चपासूनचं आपलं भांडण खरं की खोटं ते आता बाजूला ठेव. आधी डब्यात काय आहे ते बघ, मग हे पत्र चुलीत घातलंस तरी चालेल.

डब्यात फवारणीच्या ड्रोनचा बोर्ड आहे, फ्लाइट कंट्रोलर. हा ड्रोनचा मेंदू, असं तूच मला समजावलं होतंस, ड्रोन चालवायला बाई निवडायच्या संस्थेच्या परीक्षेला आपण दोघी बसलो तेव्हा. तो मेंदू गेलाय. मोटरी, पंखे, औषधाची टाकी सगळं धडधाकट आहे, आणि ड्रोन पडवीत नुसता बसून आहे.

झालं असं. कंपनीचा मेसेज आला की नवीन फर्मवेअर, म्हणजे बोर्डातला प्रोग्राम, टाका. मी दीपेशचा लॅपटॉप घेतला, वायर लावली आणि अपडेट चालू केलं. अर्ध्यावर आलं आणि बोर्डावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ट्रेनिंगला पंधरा दिवस आमच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती, लाल दिवा लुकलुकला की विचार करायचा नाय, आधी वायर काढायची, नायतर बॅटरी पेटते. माझा हात आपोआप गेला. ओढली वायर. मग कंपनीत फोन केला तेव्हा कळलं की अपडेट होताना तो दिवा तसाच लुकलुकतो. आता लॅपटॉप बोर्डाला ओळख पण देत नाय. नवरा असला तरी दीपेशला मी अजून सांगितलं नाय, तो समजतो बॅटरीचा काहीतरी प्रॉब्लेम आहे.

कंपनी म्हणते पाठवून द्या, सहा आठवडे लागतील. इथे भातावर करपा दिसायला लागलाय, पार उंबरमाळीपर्यंतच्या बायकांनी नंबर लावलेत. आणि १२ सप्टेंबरला संस्थेच्या मॅडम तपासणीला येणार. त्या दिवशी ड्रोन उडला नाय तर करारात लिहिलंय तसं ड्रोन माझ्याकडून जाणार, यादीतल्या दुसऱ्या बाईकडे. शहापूर आणि मुरबाड मिळून एकच ड्रोन आहे, तुला ठाऊकच आहे.

दोन्ही तालुक्यात या बोर्डाला हात लावू शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते माझ्या मामाची पोर आहे. मग मी कुणाकडे जाऊ, सांग.

तुझी (अजून असेन तर)
निशिगंधा

*

मुरबाड,
१९ ऑगस्ट

निशे,

डबा पोचला. भाजीच्या टेंपोवाल्या सुयोगने दुकानासमोर एवढा हॉर्न वाजवला की निम्मा बाजार गोळा झाला.

तुझं पत्र वाचून मला आधी आनंद झाला. खोटं कशाला लिहू? म्हटलं, बरी जिरली. मग चहा प्यायले, पुन्हा वाचलं, आणि पुन्हा आनंद झाला.

अगो, परीक्षेत मला चव्वेचाळीस आणि तुला सदतीस. आयटीआय मी केली. मोबाईल दुरुस्तीचं दुकान मी चालवते, सोल्डरिंग करून बोटं माझी भाजली. आणि रिमोट तुझ्या हातात! माझ्या नावापुढे मॅडमनी काय लिहिलं? 'घरची अडचण.' पंधरा दिवस ट्रेनिंगला घरचे सोडणार नायत म्हणे. मला कुणी विचारलं पण नाय. आमच्या सासूबाईंनीच कुणाकडे तरी तोंड उघडलं असणार, दुसरं कोण? मार्चपासून मी त्यांच्या हातचा चहा घेत नाय. आणि तू पेपरात, निळा ड्रेस, गॉगल, बाजूला सरपंच. तो पेपर एका गिऱ्हाइकाने वडापाव बांधून माझ्याच दुकानात आणला. सगळ्या पानावर तेल, नेमकं तुझं तोंड स्वच्छ. एवढं पण सुख माझ्या नशिबात नाय.

असो. बोर्ड मेलेला नाय. तू वायर अर्ध्यात ओढलीस, तेव्हा जुनं पुसून झालं होतं आणि नवीन पुरतं लिहून झालं नव्हतं. पण चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम कायमचा कोरलेला असतो, तो पुसला जात नाय. बोर्डावर टाचणीच्या डोक्याएवढं बटण आहे. ते दाबून धरून वायर लावली की चिप नवीन लिहून घ्यायला तयार होते. मग पहिल्यापासून सगळं भरायचं. आणि तू सोबत वायर कसली पाठवलीस? ती नुसती चार्जिंगची आहे, तिच्यातून माहिती जात नाय. राहू दे, माझ्याकडे ढीग आहे.

खरी अडचण दुसरीच आहे. तुझी सगळी सेटिंग पुसली गेली. कुठली मोटर कुठल्या नंबरला, होकायंत्र कुठल्या दिशेला, टाकीचं वजन किती. ते आकडे चुकले तर ड्रोन उठल्या उठल्या पलटी मारेल. फाईल जपून ठेवली आहेस का? नसशीलच. तुला फोटो काढून घ्यायला वेळ असतो फक्त.

सरिता

*

आसनगाव,
२१ ऑगस्ट

ताई,

तुझं सगळं बोलणं मुकाट्याने खाल्लं. पोट भरलं, पण तू काम करते म्हणालीस म्हणून बरं वाटलं.

फाईल नाय, पण वही आहे! ट्रेनिंगला आमच्या सरांनी प्रत्येक आकडा हाताने लिहून घ्यायला लावला होता. सगळ्या बायका वैतागल्या होत्या. मी मेली भित्री, म्हणून सगळं लिहिलं. सहा पानं उतरवून सोबत पाठवते. दोनदा ताडून बघितली आहेत.

तुझ्या सासूबाईंचं, सकुबाई मावशींचं, एवढं मनाला लावून घेऊ नको. त्यांनी कुणाला काय सांगितलं असेल असं मला नाय वाटत. म्हातारं माणूस आहे, चहा तरी घे त्यांच्या हातचा.

गणपतीच्या आधी होईल का गो? बायका रोज येऊन विचारतात. मी सांगते, माझी मुरबाडची बहीण बघते आहे, ती केल्याशिवाय राहायची नाय.

तुझी
निशी

*

म्हसा,
२९ ऑगस्ट

चि. निशिगंधा,

गणपतीमुळे दुकान बंद आहे, घरूनच लिहिते.

बोर्ड अजून माझ्याकडेच आहे. होत नाय. बटण दाबून धरते, लॅपटॉप ओळख देतो आणि मधेच सोडतो. चिपलाच काहीतरी झालं असेल. तुझी वही चांगली आहे, अक्षर पण नीट आहे. प्रयत्न चालू आहे.

तू काळजी करू नको. तब्येतीला जप. दीपेशरावांना नमस्कार सांग.

सरिता

*

आसनगाव,
३ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मी चारदा वाचलं. त्यात एक पण शिवी नाय! 'तब्येतीला जप' म्हणे. तू मला असं गोड लिहितेस म्हणजे बोर्ड गेलाच असणार, आणि तुला सांगवत नाय. तू एवढी जळतेस माझ्यावर, तरी माझं वाईट वाटून गप्प बसलीस, हे वाचून मला रडू आलं. आता मी खरं काय ते ऐकायला तयार आहे.

इथे हाल आहेत. आमच्या गावच्या तानीच्या खालच्या खाचरात करपा पसरला. पाठीवर पंप बांधून ती आणि तिची सून चिखलात फवारत होत्या, दोन दिवस. मला बघून तानी पुन्हा पंप भरायला वाकली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ड्रोन आला तेव्हा सगळ्यात पहिला नारळ तिनेच फोडला होता.

सुयोग टेंपोवाला सांगत होता, म्हशाच्या जत्रेच्या मैदानावर सकाळी सकाळी एक बारका ड्रोन उडताना त्याने बघितला. लग्नाच्या शूटिंगवाला कुणी असेल. मला त्या अनोळखी माणसाचा पण हेवा वाटला. माझा दहा लिटरचा ड्रोन पडवीत, त्याच्यावर कोंबडी बसते.

एक सांगू? ती यादीतली दुसरी बाई कोण ते मला ठाऊक नाय, पण तिचं तोंड डोळ्यासमोरून हलत नाय. १२ तारखेला ती ड्रोन घेऊन जाणार, निळा ड्रेस घालणार. बघितलं नाय तिला आणि जळते आहे तिच्यावर. तुला माझ्याबद्दल काय वाटत असेल ते आता समजतं.

बोर्ड होत नसेल तर तसाच परत पाठव. मॅडमना तोंड दाखवायला काहीतरी हातात पाहिजे.

निशी

*

मुरबाड,
८ सप्टेंबर

निशे,

न बघता जिच्यावर जळतेस ती बाई मी आहे.

मार्चमध्येच मॅडमनी फोन करून सांगितलं होतं, निशिगंधाचं जमलं नाय तर तुम्ही. मी कुणाला सांगितलं नाय. लाज वाटली. दुसरं नाव म्हणजे काय गो, लग्नात जेवायला बसवतात आणि मग उठवतात, तसं.

बोर्ड दुरुस्त आहे. २३ ऑगस्टपासून दुरुस्त आहे. तुझी वही आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दीड तासात झाला. बटण धरलं, वायर लावली, चिपने पहिल्या झटक्यात ओळख दिली. सगळं भरलं, तुझे आकडे टाकले, हिरवा दिवा लागला. २९ तारखेचं पत्र सगळं खोटं. 'अक्षर नीट आहे' एवढंच खरं.

त्या दिवशी डबा बांधला पण होता. सुयोग आला. मी म्हटलं, उद्या ने. दुसऱ्या दिवशी पण म्हटलं, उद्या ने. १२ तारीख आपोआप येणार होती, मला काय करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. जळणाऱ्या माणसाला एवढी सोय मिळता कामा नये.

आणि मैदानावरचा शूटिंगवाला पण मीच. ज्ञानेश्वर फोटोवाल्याचा मोडका ड्रोन दुकानात पडून होता. त्याचा सांगाडा आणि मोटरी घेतल्या, तुझी सेटिंग बाजूला जपून ठेवली आणि तुझा बोर्ड त्याच्यावर बसवला. पहिल्या दिवशी कमरेएवढा उठला आणि थांबला. हवेत थांबला, निशे! मी काय पण करत नव्हते, तरी थांबून राहिला. मी एकटीच मैदानात ओरडले. नऊ दिवस रोज सकाळी उडवला. घरी सांगायचे दूध आणायला जाते. आयुष्यात एवढा आनंद मला कशाने झाला नव्हता, पोराच्या वेळी पण नाय, देव मला माफ करो. आणि रोज परतताना तुझा राग यायचा, की हे तुला कायमचं मिळालंय आणि मला चोरून.

मग तुझं तीन तारखेचं पत्र आलं. ते वाचून आधी हसले. मग १२ तारखेला काय होईल ते मनात बघायला लागले. मॅडम ड्रोन माझ्या दारात आणणार. आत बोर्ड नसणार. मी दुकानातून बोर्ड आणणार, सगळ्यांसमोर लावणार, ड्रोन उठणार, आणि बायका टाळ्या वाजवणार. हे मी तीन दिवस फिरवून फिरवून बघितलं, लय गोड वाटत होतं. काल त्या बायकांत तू दिसलीस. तू पण टाळ्या वाजवत होतीस. आणि तू खरंच वाजवल्या असत्यास गो, तू आहेसच तशी वेडी. तिथून पुढे मला काही गोड लागलं नाय.

तुझी सेटिंग परत भरली आहे. आधी पंखे काढून चालू कर. चारही मोटरी वहीतल्यासारख्या फिरतात का बघ. मग दोघांनी उचलून ड्रोन सहा बाजूंनी फिरवा, होकायंत्र बसेल. मग पंखे लाव. बोर्ड स्वतः नोंद ठेवतो, कुठल्या तारखेला चालू झाला, कुठे उडाला. माझे नऊ दिवस त्यात आहेत. मला पुसता आले असते. पुसले नाय. मॅडमना दाखवायचे तर दाखव.

तानीच्या खाचराचं मी भरून देऊ शकत नाय. ते माझ्यामुळे झालं असं तिला सांग.

सरिता

*

आसनगाव,
१३ सप्टेंबर

ताई,

उडाला. काल मॅडमसमोर भरलेल्या टाकीने उडाला, तानीच्या वरच्या खाचरावर. बांधाला धरून गेला आणि बरोबर जागेवर उतरला.

तुझं पत्र वाचल्यावर मी तुला काय काय बोलले ते इथे लिहीत नाय. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, कुणाशी भांडतेस, घरात तर कोण नाय. मी नोंद उघडून तुझे नऊ दिवस बघितले. तारीख आणि टाइम सगळं आहे. ठरवलं होतं, तपासणी झाली की मॅडमना दाखवायचं आणि तुझं नाव यादीतून कायमचं उडवायचं.

तपासणी झाली. मॅडमनी विचारलं, बोर्ड कुणी दुरुस्त केला? मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या मुरबाडच्या? ज्यांना घरचे सोडत नाहीत त्या?"

ताई, ते मी सांगितलं होतं. तुझ्या सासूबाईंनी नाय, मी.

परीक्षेचे मार्क लागले त्या दिवशी मी तुझे चव्वेचाळीस तीनदा वाचले. लहानपणी तू रेडिओ उघडून परत जोडायचीस आणि मामा सगळ्या आळीला बोलवून दाखवायचा. मी बाजूला उभी असायचे. माझ्या हातून पेला पडला तरी आई म्हणायची, सरिता बघ. तेवढ्यात मॅडम आल्या आणि सहज विचारलं, "तुमच्या बहिणीला पंधरा दिवस घरचे सोडतील ना?" मी म्हटलं, "नाय सोडणार." दोनच शब्द. सकुबाई मावशींनी जानेवारीत जत्रेत माझा हात धरून सांगितलं होतं, सरिताचं नाव लागू दे गो, नातवाला मी बघीन. ते ऐकून दोन महिने झाले नव्हते.

तू चहा घेत नायस हे वाचलं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण बोर्ड तुझ्याकडे होता. आधी बोर्ड, मग बघू, असं मी ठरवलं. तू तरी तुझे नऊ दिवस पुसले नायस. मी सहा महिने पुसून बसले होते.

मॅडमना काल तिथेच सगळं सांगितलं, तानी आणि सगळ्या बायका उभ्या असताना. मॅडमनी गाडीत बसताना माझ्याकडे बघितलं पण नाय. कळवते म्हणाल्या.

आता तू मला काय पण लिही.

निशी

*

मुरबाड,
२५ सप्टेंबर

निशे,

बारा दिवस लिहिलं नाय, कारण जे लिहिलं असतं ते सुयोगच्या हाती देण्यासारखं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं आणि घरी गेले. सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हटलं, चहा करता का? त्यांनी वर पण बघितलं नाय. म्हणाल्या, "दूध नाय, काळा चालंल?" सहा महिने गो! सहा महिन्यांत त्या बाईने एकदा पण विचारलं नाय की माझं काय चुकलं. मला वाटायचं, मनात चोर आहे म्हणून विचारत नायत. मी पाया पडले तर घाबरल्या, म्हणाल्या, दुकानात काय झालं का? हे तू केलंस, आणि हे मी लवकर विसरणार नाय. माझे पंधरा दिवस आणि तुझे सहा महिने सारखे नायत, हे लिहून ठेव तुझ्या त्या वहीत.

मी पण मॅडमना फोन करून माझं सांगितलं. दुरुस्त बोर्ड मी दाबून ठेवला होता म्हणून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघी एकाच घरच्या का हो?" मी म्हटलं, आतेमामे बहिणी. "तरीच," म्हणाल्या.

आज संस्थेचा कागद आला. मार्क ते मार्क, असं ठरलंय. ६ ऑक्टोबरपासून मला ट्रेनिंग. तोवर भात कापणीपर्यंत ड्रोन तुझ्याकडे. १ नोव्हेंबरपासून तो मुरबाडला, भेंडी आणि काकडीच्या फवारणीला, पायलट मी. तुझं नाव यादीत दुसरं. तुला पण कागद आला असेल, म्हणजे हे मी तुला सांगायची काय गरज नव्हती. पण मला स्वतःच्या हाताने लिहायचं होतं.

खरं सांगू, नको म्हणावं असं दोन मिनिटं मनात आलं. निशीलाच राहू दे, तिने सगळ्यांसमोर कबूल केलं, वगैरे. मग सही केली. तो मोठेपणा मला जमला नसता आणि तुला आयुष्यभर टोचला असता.

आता जळायची पाळी तुझी. कसं असतं ते मी सांगते, मला सवय आहे. सकाळी उठल्या उठल्या पहिलं तेच आठवतं. मग कामाच्या धबडग्यात जरा विसरायला होतं. दुपारी कुणीतरी सहज नाव काढतं आणि जेवण जात नाय. चार-पाच महिन्यांनी कमी होईल असं वाटतं, पण होत नाय. तब्येतीला जप असं काय मी लिहिणार नाय.

१ नोव्हेंबरला ड्रोन टेंपोत टाकून पाठवू नको, तू स्वतः घेऊन ये. रडायचं ते आसनगावला रडून ये. इथे मी हसणार आहे, आणि मला तुझ्यासमोर हसायचं आहे.

सरिता